एमजीबीचा हीटर दर हिवाळ्यात गार का पडतो

लागोपाठ तीन हिवाळे माझ्या १९७० च्या एमजीबी जीटी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा हीटर ऐन थंडीत गार पडला. दर वेळी काहीतरी दुरुस्त केलं, दर वेळी पाच-सहा आठवडे बरे गेले आणि पुन्हा तेच. नॉब पूर्ण फिरवलेला, पंखा घरघरतोय आणि पायांवर कोमट म्हणावी अशीही हवा नाही. एका संध्याकाळी इंग्लंडातल्या स्नेक पासच्या घाटातून ग्लॉसप गावाकडे उतरताना समोरची काच आतून इतकी धूसर झाली की एका हातानं फडकं फिरवत आणि दुसऱ्या हातानं स्टिअरिंग धरत गाडी खाली आणावी लागली. तो घाट पाचशे मीटरच्या वर चढतो, अंधारात वळणं दिसत नाहीत. त्या रात्री ठरवलं, आता भाग बदलणं बंद. आधी हा हीटर नीट समजून घ्यायचा.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. इंजिन तर आपल्या लोकांना अनोळखी नाहीच. ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसीच्या) बी-सिरीज घराण्यातली. लहानपणी कोल्हापूरला मामांच्या ॲम्बेसेडरच्या बॉनेटखाली डोकं घालून तासन्‌तास उभा राहिलो होतो, म्हणून एमजीबीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं. फक्त हीटरशी मात्र कधी गाठ पडली नव्हती. कोल्हापुरात त्याची गरज कुणाला!

घोळ सुरू होतो तो आजच्या गाडीच्या सवयीनं या डॅशबोर्डकडे बघितल्यामुळे. आजच्या बहुतेक गाड्यांत तापमानाचा नॉब फिरवला की आत एक झडप सरकते, गरम आणि गार हवेचं मिश्रण बदलतं आणि काही सेकंदांत फरक कळतो. एमजीबीत असं मिश्रण होतच नाही. तिथला तापमानाचा नॉब म्हणजे निव्वळ पाण्याचा नळ. नॉबमागे एक केबल, केबलच्या दुसऱ्या टोकाला इंजिनाच्या हेडवर, म्हणजे वरच्या भागावर, मागच्या बाजूला बसवलेला व्हॉल्व्ह. नॉब उघडला की इंजिनातलं गरम पाणी हीटरच्या छोट्या रेडिएटरकडे जातं. त्या छोट्या रेडिएटरला इकडे मॅट्रिक्स म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. मॅट्रिक्स तापायला वेळ लागतो, निवायलाही लागतो. म्हणून नॉब फिरवून लगेच हात लावून बघायचा आणि ‘काही होत नाही’ म्हणायचं, हे चुकीचं. तीन-चार मिनिटं थांबा.

दुसरा नॉब हवेचा. त्याचा तापमानाशी काडीचाही संबंध नाही. हवा अडवायची, गाडीत सोडायची की समोरच्या काचेकडे वळवायची, एवढंच तो ठरवतो. पायाशी, गिअरबॉक्सच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना हातानं उघडायच्या छोट्या झडपा आहेत. त्या बंद केल्या की हवेचा जोर काचेकडे जातो. काच साफ करायची असेल तर या झडपा आधी बंद करा. मी ही गाडी घेतल्यावर सहा महिने मला त्यांचा पत्ताच नव्हता, कारण आधीच्या मालकानं गालिचा नवीन घालताना एक झडप झाकून टाकली होती.

तिसरा, पंख्याचा स्विच. पंखा नसला तरी चालत्या गाडीत काचेपुढच्या जाळीतून हवा आत येतेच, पंखा फक्त जोर वाढवतो. आणि चौथी गोष्ट, जी पुष्कळांच्या लक्षातच येत नाही: माझ्या गाडीच्या वयाच्या मॉडेलात डॅशबोर्डखाली मध्यभागी ताज्या हवेची वेगळी झडप असते. तिच्यातून येणारी हवा मॅट्रिक्समधून जात नाही, थेट बाहेरची गार हवा असते. ती अर्धवट उघडी राहिली तर हीटर कितीही चांगला असला तरी पाय गारठतात.

म्हणजे पाणी, हवा आणि वीज ही तीन वेगळी यंत्रं आहेत. हीटर चालत नाही असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तिघांपैकी कोण चालत नाही, हे विचारायला हवं.

हातानं तपासा, पाना नंतर

इंजिन चांगलं तापू द्या, पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. तापमानाचा नॉब पूर्ण गरमकडे ठेवा. बॉनेट उघडा आणि व्हॉल्व्हमधून मॅट्रिक्सकडे जाणाऱ्या रबरी होजला हात लावा, मग मॅट्रिक्समधून परत येणाऱ्या होजला. परतीचा मार्ग रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, कडेनं जाणाऱ्या धातूच्या पाईपातून पुढे रेडिएटरच्या खालच्या होजला मिळतो. हात क्षणभरच लावा, पाणी ऐंशी अंशांच्या आसपास असतं. इंजिन सुरू असेल तर पुढचा पंखा आणि पट्ट्यापासून बाह्या लांब ठेवा. आणि गरम रेडिएटरचं झाकण कुठल्याही कारणानं उघडू नका.

दोन्ही होज चटका बसण्याइतके गरम असतील तर पाण्याचं काम ठीक आहे, दुखणं हवेच्या बाजूला आहे. दोन्ही गार असतील तर व्हॉल्व्ह उघडत नाही किंवा त्याच्यामागचं भोक बुजलंय. जाणारा गरम आणि येणारा गार असेल तर मॅट्रिक्स तुंबलाय किंवा त्यात हवा अडकली आहे. दोन्ही नुसतेच कोमट असतील तर हीटरकडे जाण्याआधी गाडीचा तापमानाचा काटा बघा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान राखणारी झडप, उघडा अडकला असेल तर इंजिनच धड तापत नाही, मग हीटर काय देणार? या गाडीला साधारण ८२ अंशांचा थर्मोस्टॅट येतो, गरम देशांसाठी ७४ चा आणि थंडीसाठी ८८ चा. आधीच्या मालकानं ७४ चा बसवला असेल तर इंग्लंडच्या जानेवारीत फरक जाणवतो.

ही दोन होजांची तपासणी करायला दोन मिनिटं लागतात. माझी पहिली दोन वर्षं आणि बरेचसे पैसे ती न केल्यामुळे गेले.

माझं दुखणं परत परत का येत होतं

पहिल्या हिवाळ्यात एका गॅरेजनं मॅट्रिक्स बदलला. हीटरची पेटी बाहेर काढणं हे या गाडीतलं सगळ्यात किचकट काम समजलं जातं, त्यामुळे मजुरी भरपूर झाली. सहा आठवडे गाडीत उबदार वाटलं, मग पुन्हा गार.

दुसऱ्या हिवाळ्यात मी स्वतः कूलंट बदललं. तेव्हा तापमानाचा नॉब बंद होता. ही चूक फार जण करतात. नॉब बंद ठेवून पाणी काढलं आणि भरलं की मॅट्रिक्समध्ये हवेचा फुगा अडकून बसतो आणि पाणी पुढे सरकत नाही. कूलंट काढताना आणि भरताना नॉब पूर्ण गरमकडेच हवा. शिवाय रेडिएटर आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या तोट्या उघडल्या तरी मॅट्रिक्समधलं पाणी आपोआप निघत नाही, हेही ध्यानात ठेवा. साधं पाणी भरून गाडी बर्फात उभी केली तर मॅट्रिक्स फुटतो. म्हणून अँटीफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव्य) बारा महिने भरलेलं ठेवा.

अडकलेली हवा काढायची तर गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, इंजिन गार असू द्या. परतीचा होज मॅट्रिक्सच्या तोंडावरून काढा आणि त्या तोंडातून कूलंट दिसेपर्यंत रेडिएटरमध्ये हळूहळू भरत राहा. कूलंट दिसलं की होज लावा, होजमध्येही थोडं ओता. मी हे केलं, हीटर पुन्हा सुरू झाला, आणि डिसेंबरअखेर पुन्हा बंद पडला. मी हात टेकले होते.

तिसऱ्या वर्षी दोन होजांची तपासणी केली तेव्हा दोन्ही गार. म्हणजे मॅट्रिक्सचा प्रश्नच नव्हता! बायकोला आत बसवलं आणि मी केबल जोडलेल्या व्हॉल्व्हच्या कांडीवर नजर ठेवून उभा राहिलो.

‘अगं, पूर्ण फिरव ना.’

‘पूर्णच फिरवलाय. आता आणखी कुठे फिरवू?’

कांडी जेमतेम अर्धी सरकली होती. आतली पोलादी तार ढकलली जात होती, पण केबलचं बाहेरचं आवरण ते धरून ठेवणाऱ्या चिमट्यातून निसटून कमानीसारखं वर उचललं जात होतं. नॉबचा जोर कांडीला मिळण्याऐवजी आवरण वाकवण्यात जात होता. चिमट्याचा स्क्रू घट्ट दिसत होता, पण आवरणावरचं प्लॅस्टिक झिजून गुळगुळीत झालं होतं. मी चिमट्याखाली जुन्या सायकलच्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळली आणि स्क्रू पुन्हा आवळला. मग नॉब गारच्या टोकाला ठेवून, कांडी पूर्ण बंद करून तार कसली आणि गरमच्या टोकाला कांडी पूर्ण उघडते का ते पुन्हा पाहिलं. दोन्ही टोकं बघणं महत्त्वाचं आहे. एकच टोक बघून कसलं की हिवाळा सुधारतो आणि उन्हाळा बिघडतो.

कांडी आता पूर्ण उघडत होती, तरी होज गारच. मग व्हॉल्व्ह हेडवरून काढला. त्याच्या मागच्या भोकात गेरू कालवून भरल्यासारखा तपकिरी गाळ होता. बारीक तार आत घातली तर ती रुतून उभी राहिली. आणि तिथे मला तिन्ही वर्षांचा उलगडा झाला. पन्नास वर्षांचा गंज पाण्याबरोबर फिरत फिरत ब्लॉकच्या मागच्या टोकाशी बसतो, कारण तिथे पाण्याची चाल सगळ्यात मंद. हीटरचं पाणी निघतं तेही मागूनच. नवीन मॅट्रिक्स आला, पाणी जोरात वाहू लागलं, गाळ हलला, व्हॉल्व्हपाशी येऊन साचला. मी हवा काढली, पुन्हा तेच. दर दुरुस्तीनं गाळाला वाट मिळत होती. मूळ गाळ कुणी काढतच नव्हतं.

ब्लॉकच्या मागच्या भागात पाणी काढायची तोटी आहे. ती उघडली तर एक थेंबही आला नाही. अशी कोरडी तोटी हीच गाळाची खूण. तोटी पूर्ण काढून भोकात तार फिरवली तेव्हा आधी चिखल आला, मग लाल पाणी, मग बऱ्याच वेळानं स्वच्छ. हेडवरच्या भोकातून बागेचा पाईप लावला आणि खालच्या भोकातून पाणी नितळ होईपर्यंत धुतलं. त्यानंतर मॅट्रिक्सचे दोन्ही होज काढून परतीच्या तोंडातून उलटं पाणी सोडलं, म्हणजे अडकलेला गाळ आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. नळ अगदी हलका सोडा, जुन्या मॅट्रिक्सचे सांधे जोर सहन करत नाहीत. हे सगळं करण्याआधी जुनं कूलंट बादलीत धरा. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे मांजरं-कुत्री चाटतात. गटारात ओतू नका.

व्हॉल्व्ह परत बसवताना दोन्ही पृष्ठभाग खरवडून साफ केले, नवीन गॅस्केट लावलं. व्हॉल्व्ह नवा घ्यायचा की जुना ठेवायचा, यावर माझं मत असं: जुना गळत नसेल आणि कांडी मोकळी फिरत असेल तर तोच ठेवा. आज मिळणारे काही नवे व्हॉल्व्ह वर्ष-दोन वर्षांत दांड्यापाशी पाझरू लागतात.

त्यानंतर चार हिवाळे गेले. हीटर चालू आहे. दर महिन्याला, उन्हाळ्यातसुद्धा, इंजिन गरम असताना नॉब दोन्ही टोकांना चार-पाच वेळा फिरवतो. सहा महिने एकाच जागी बसलेला व्हॉल्व्ह गंजून अडकतो, मग जोर लावला की केबल वाकते आणि चिमट्यातून निसटते. माझी केबल निसटली त्याचंही मूळ तेच असावं.

होज गरम, तरी हवा कोमट

ही दुसरी मोठी तक्रार. इथे बहुतेकदा दोष फोमचा असतो. मॅट्रिक्स हीटरच्या पेटीत बसतो तेव्हा त्याच्या कडेनं फोमच्या पट्ट्या असतात, म्हणजे सगळी हवा मॅट्रिक्सच्या पातळ पत्र्यांमधूनच जावी. हा फोम कुजून भुगा होतो. मग हवेला कडेनं सोपी वाट मिळते आणि ती न तापताच आत येते. पंखा लावल्यावर काळा भुसभुशीत चुरा अंगावर आला, तर दुसरं निदान शोधायची गरज नाही. हवेच्या झडपांवरचा फोमही त्याच वयाचा, तोही गेलेला असतो. त्यामुळे नॉब बंद करूनही गार झुळूक येत राहते.

यासाठी पेटी बाहेर काढावीच लागते. घाई करू नका, पूर्ण शनिवार-रविवार हाताशी ठेवा. पेटी निघाली की एका दमात सगळं करा: फोम, केबल, पंख्याची मोटर, रबरी नळ्या. क्लोज्ड-सेल, म्हणजे बंद छिद्रांचा, फोम वापरा, स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम पाणी पितो आणि पत्रा गंजवतो. परत बसवताना हवेची केबल आधी ओवून घ्या, पेटी जागी गेल्यावर हात पोचत नाही.

काचेकडे पुरेशी हवा येत नसेल तर पेटी काढण्याआधी डॅशबोर्डखाली डोकं घाला. पेटीतून काचेच्या फटींकडे जाणाऱ्या दोन नळ्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. रेडिओ बसवताना कुणाचा तरी हात लागून एखादी निसटलेली असते आणि गरम हवा डॅशबोर्डच्या मागे फुकट जाते.

पंखा

पंखा मंद फिरत असेल तर मोटर बदलण्याआधी अर्थ, म्हणजे अर्थिंगची जोडणी, तपासा. मल्टिमीटरचं एक टोक मोटरच्या काळ्या वायरला, दुसरं बॅटरीच्या अर्थला, पंखा चालू. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. पुरवठ्याची हिरवी वायर फ्यूजमधून येते. फ्यूजची टोकं आणि धारक बारीक सँडपेपरनं घासून काढा, आणि वाटेतले बुलेट कनेक्टर (वायरींचे गोळीसारखे जोड) उघडून चकचकीत करा. पंखा अजिबात फिरत नसेल तर वायपर, ब्रेकचे दिवे चालतात का ते बघा. तेही बंद असतील तर तो सामाईक फ्यूजच.

उन्हाळ्यात पाय भाजतात

पुण्यामुंबईकडे अशी गाडी जपणाऱ्यांची तक्रार याच्या उलट असते. नॉब गारकडे ठेवून पंधरा मिनिटांनी व्हॉल्व्हनंतरचा होज गरम लागला तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही: तारेचा कस कमी किंवा बैठकीत गाळ. होज गार असूनही पाय भाजत असतील तर उष्णता हीटरची नाही, इंजिनाची आहे. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यात केबली, वायरी जाण्यासाठी भोकं असतात, त्यांचे रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकाच्या कडेची कडी, गळून पडलेले असतात. रात्री बॉनेटखाली टॉर्च ठेवा आणि आत अंधारात बसून कुठून उजेड येतो ते पाहा. गिअर लिव्हरच्या तळाचं रबरही बघा.

आणि पावसाळा. काचेपुढच्या जाळीतून पाऊस आत पडतोच, ते तसंच योजलेलं आहे. पाणी खालच्या कप्प्यात जमून एका रबरी नळीनं गिअरबॉक्सच्या बोगद्यात निघून जायला हवं. झाडाखाली उभ्या गाडीत ही नळी पानांनी आणि धुळीनं बुजते. मग पाणी ताज्या हवेच्या झडपेतून ओसंडून गालिच्यावर येतं, आणि मालक काचेचं रबर बदलत बसतो. जाळीवर एक तांब्या पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा. मिनिटभरात खाली धार लागली पाहिजे. लागली नाही तर खालून नळीचं चिमटलेलं तोंड बोटांनी दाबून मोकळं करा, लवचिक तार वर सरकवा आणि पुन्हा तांब्याभर पाणी ओता. माझ्या गाडीतून पहिल्यांदा निघाली ती मूठभर कुजलेली बर्चची पानं, आणि त्यांच्या मागोमाग गालिचा भिजवून टाकणारं सगळं पाणी.